मानेतल्या धमनीत स्टेंट: सुरक्षित, पण कोणासाठी?

एका वाचक ताईंच्या सविस्तर पत्राचा हा सारांश. त्यांचे वडील ७६ वर्षांचे असून त्यांना मधुमेह आणि उच्च रक्तदाब आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला होता आणि तेव्हा कसलाही त्रास झाला नाही. अलीकडे चक्कर येते म्हणून केलेल्या तपासण्यांत मानेतल्या डाव्या कॅरोटिड धमनीत ८० टक्के अडथळा आढळला. एका डॉक्टरांनी स्टेंट सुचवला, दुसऱ्यांनी मानेची शस्त्रक्रिया करून धमनी साफ करण्याचा सल्ला दिला. भावाचा कल स्टेंटकडे आहे, कारण त्यात चिरफाड नाही आणि दोन दिवसांत घरी येता येते. आईला यातले काहीच नको आहे, कारण ओळखीच्या एका गृहस्थांना स्टेंट बसवतानाच पक्षाघात झाला होता. वडिलांना ‘छोटीशी प्रक्रिया आहे’ एवढेच सांगितले आहे. पत्राच्या अखेरीस ताईंनी सहज लिहिले आहे की, आठवड्यापूर्वी जेवताना वडिलांच्या उजव्या हातातून पेला निसटला, दहा मिनिटे त्यांचे बोलणे अडखळत होते आणि नंतर सगळे आपोआप पूर्ववत झाले. त्यांचा प्रश्न असा: स्टेंट सुरक्षित आहे की नाही, हे एका शब्दात सांगा.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी शब्दांत लिहिली आहे. उजव्या हाताची हालचाल आणि बहुतेक माणसांची वाचा यांचे नियंत्रण मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडे असते, आणि त्या भागाला रक्त पोचवणारी मुख्य वाट म्हणजे हीच डावी कॅरोटिड धमनी. हातातून पेला निसटणे आणि बोलणे अडखळणे हा तात्पुरता पक्षाघात होता, असे मानूनच पुढे जायला हवे. तो दहा मिनिटांत ओसरला म्हणून किरकोळ ठरत नाही. म्हणूनच तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी, या उत्तराची वाट न पाहता वडिलांना तातडीने न्यूरोलॉजिस्टकडे न्यावे, असे तुम्हाला स्वतंत्रपणे कळवले होते. आता तुमच्या प्रश्नाकडे सविस्तर वळतो. मात्र मी तुमच्या वडिलांना तपासलेले नाही, त्यामुळे येथे जे लिहितो आहे ते डॉक्टरांशी होणाऱ्या तुमच्या चर्चेची तयारी म्हणून वाचावे.

पहिली समजूत चक्करेविषयी आहे. नुसती चक्कर सहसा कॅरोटिड धमनीतल्या अडथळ्यामुळे येत नाही. तिची कारणे कानाच्या आतल्या भागात, रक्तदाबाच्या चढउतारात किंवा औषधांत शोधावी लागतात. अनेक घरांत असेच होते की, चक्कर येते म्हणून मानेची सोनोग्राफी होते, अडथळा दिसतो, आणि अडथळा काढला की चक्कर थांबेल अशी आशा धरली जाते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत चक्करेमुळे अडथळा सापडला खरा, पण तो धोकादायक असल्याची खूण चक्करेने दिली नाही, हाताने आणि वाचेने दिली. तुमच्या पत्रावरून मला असे वाटते की, दोन्ही डॉक्टरांशी बोलताना घरातल्या कोणीही हा प्रसंग सांगितलेला नाही. तसे असेल तर दोघांनीही अपुऱ्या माहितीवर मत दिले आहे आणि दोघांनाही पुन्हा विचारणे भाग आहे.

हा फरक इतका मोठा का, ते सांगतो. अडथळ्यामुळे अलीकडेच लक्षणे दिसलेला रुग्ण आणि केवळ तपासणीत अडथळा सापडलेला रुग्ण यांचे भवितव्य सारखे नसते. रुग्णांचे गट करून उपचारांची तुलना करणाऱ्या उत्तर अमेरिकेतील ‘नॅसेट’ या चाचणीचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आजही पायाभूत मानले जातात. लक्षणे दिसलेल्या आणि ७० टक्क्यांहून अधिक अडथळा असलेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर राहिलेल्यांत दोन वर्षांत सुमारे २६ टक्के जणांना त्याच बाजूचा पक्षाघात झाला, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के होते. त्या काळापेक्षा आजची औषधे चांगली आहेत, पण आकड्यांची दिशा बदललेली नाही. शिवाय हा धोका दोन वर्षांत समान विभागलेला नसतो. तो पहिल्या दिवसांत आणि आठवड्यांत सर्वांत जास्त असतो. म्हणूनच शस्त्रक्रिया करायची तर ती लक्षण दिसल्यापासून दोन आठवड्यांच्या आत व्हावी, असा आग्रह धरला जातो. तुमचा त्यातला एक आठवडा घरातल्या मतभेदांत गेला आहे. हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. लक्षण आपोआप नाहीसे झाले की बहुतेक कुटुंबे असाच सुटकेचा निःश्वास टाकतात.

आता हृदयातल्या स्टेंटशी केलेल्या तुलनेविषयी. हृदयातला स्टेंट विनासायास बसला म्हणून मानेतलाही तसाच बसेल, हे अनुमान स्वाभाविक असले तरी धोक्याचे आहे. मुळात कॅरोटिड धमनीतला अडथळा बहुधा रक्तपुरवठा कमी करून घात करत नाही. मेंदूला मानेतून चार धमन्या रक्त पुरवतात आणि त्या कवटीच्या तळाशी एकमेकींशी जोडलेल्या असल्याने एकीतली उणीव इतर तिघी बऱ्याच वेळा भरून काढतात. खरा धोका असतो तो धमनीच्या भिंतीवर साचलेला चरबीचा थर फुटण्याचा आणि त्याचे कण किंवा त्यावर जमलेली गुठळी वाहत जाऊन मेंदूतली एखादी बारीक धमनी बंद करण्याचा. स्टेंट बसवताना नेमक्या याच थरातून तार पुढे सरकवावी लागते, त्यावर फुगा फुगवावा लागतो आणि जाळी उघडून तो थर भिंतीकडे दाबावा लागतो. जो कण निसटू नये म्हणून हा सारा उपचार करायचा, तो उपचारादरम्यानच निसटू शकतो. कण अडवण्यासाठी पुढे छत्रीसारखी बारीक गाळणी उघडतात किंवा काही काळ रक्ताचा प्रवाह थांबवतात. त्याने मदत होते, पण सगळे कण अडतात असे नाही. ‘आयसीएसएस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या एका उपअभ्यासात उपचारापूर्वी आणि उपचारानंतर मेंदूचे एमआरआय काढले, तेव्हा स्टेंट बसवलेल्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांत नव्या सूक्ष्म इजा दिसल्या, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत त्या सुमारे १७ टक्क्यांत दिसल्या. यातल्या बहुतेक इजांमुळे बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही, हेही सांगायला हवे.

तुमच्या भावाचा मुद्दा चिरफाड टाळण्याचा आहे आणि त्यामागची काळजी खरी आहे. मात्र जखम लहान म्हणजे धोका लहान, हे समीकरण मानेच्या धमनीला लागू होत नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रेस्ट’ या चाचणीत २,५०२ रुग्णांवर दोन्ही उपचारांची तुलना झाली. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मृत्यू यांचा एकत्रित विचार केला तेव्हा चार वर्षांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले: स्टेंटच्या गटात ७.२ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ६.८ टक्के. या एका बेरजेवरून ‘दोन्ही सारखेच’ असे सांगितले जाते, पण बेरजेच्या आत डोकावले की चित्र बदलते. उपचाराच्या काळात पक्षाघात स्टेंटच्या गटात ४.१ टक्के जणांना झाला, शस्त्रक्रियेच्या गटात २.३ टक्के जणांना. हृदयविकाराचा झटका मात्र स्टेंटच्या गटात १.१ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात २.३ टक्के. शस्त्रक्रियेत मानेतल्या नसांना इजा होऊन आवाज घोगरा होणे किंवा गिळायला त्रास होणे, असेही घडते. स्टेंटमध्ये ते जवळजवळ होत नाही. एका पारड्यात मेंदू आणि दुसऱ्यात हृदय व मानेच्या नसा आहेत. त्याच चाचणीतल्या रुग्णांचे वर्षभराने जीवनमान पाहिले, तेव्हा पक्षाघाताने केलेले नुकसान अधिक टिकून राहिलेले आढळले.

आणि वय. क्रेस्टमध्ये सत्तरीच्या आसपास काटा फिरतो: त्याहून तरुण रुग्णांत स्टेंटचे निकाल शस्त्रक्रियेच्या तोडीचे किंवा किंचित चांगले, आणि त्याहून वृद्ध रुग्णांत शस्त्रक्रियेचे निकाल सरस. ‘म्हातारपणी चिरफाड नको, स्टेंटच बरा’ असे आपल्याला आतून वाटते, पण येथे वस्तुस्थिती त्याच्या नेमकी उलट आहे. याचे एक कारण शरीररचनेत आहे. जांघेतून सरकवलेली नळी महाधमनीच्या कमानीवरून वळून मानेत न्यावी लागते. वय वाढते तशी ती कमान ताणली जाते, धमन्या नागमोडी होतात, त्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचते, आणि नळी अडथळ्यापर्यंत पोचण्याआधी वाटेतच कण सुटू शकतात.

तुमच्या वडिलांचा पहिला आठवडा उलटला असला, तरी त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. चार मोठ्या चाचण्यांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून जेव्हा लक्षणानंतर पहिल्या सात दिवसांत उपचार झालेल्यांचा विचार केला, तेव्हा ३० दिवसांतील पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण स्टेंटनंतर ८.३ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर १.३ टक्के आढळले. थर ताजा फुटलेला असताना त्यातून तार नेणे किती नाजूक काम आहे, ते यावरून कळते.

हे सारे लक्षात घेता माझे मत स्पष्टपणे मांडतो. वय ७६, लक्षणे ताजी, अडथळा ८० टक्के, अशा रुग्णासाठी पहिला विचार शस्त्रक्रियेचा व्हावा आणि स्टेंटकडे वळायचे तर त्यासाठी ठोस कारण हवे. अशी कारणे असतात. पूर्वी मानेला किरणोपचार झालेले असणे, त्याच धमनीची शस्त्रक्रिया होऊन पुन्हा अडथळा आलेला असणे, दुसऱ्या बाजूच्या स्वरयंत्राच्या नसेला आधीच इजा असणे, अडथळा जबड्याच्या फार वर असणे, हृदय किंवा फुप्फुसे शस्त्रक्रिया सोसण्याच्या स्थितीत नसणे. अशा वेळी स्टेंट हा खरोखरच अधिक सुरक्षित मार्ग ठरू शकतो. पण ‘हृदयरोगी आहेत’ एवढ्याने शस्त्रक्रिया बाद होत नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी आज तपासून हृदयाची सध्याची ताकद किती आहे ते सांगायला हवे. ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल न देता केवळ मानेचा भाग बधिर करूनही करता येते. काही केंद्रांत मानेच्या तळाशी लहान छेद घेऊन तेथूनच स्टेंट बसवतात आणि त्या वेळी रक्ताचा प्रवाह उलटा वळवून कण मेंदूपासून दूर नेतात. महाधमनीची कमान अवघड असलेल्या रुग्णांसाठी हा पर्याय विचारात घेण्याजोगा आहे, मात्र त्यात सराव असलेला चमू हवा.

आईंच्या भीतीला मी खोटे म्हणणार नाही. ओळखीच्या माणसाला उपचाराच्या टेबलावर पक्षाघात झालेला पाहिल्यावर ‘काहीच नको’ असे वाटणे समजण्याजोगे आहे. ज्यांना स्टेंटनंतर काही झाले नाही त्यांच्याविषयी मात्र कोणी चर्चा करत नाही, आणि उपचार न घेता पुढच्या महिन्यात पक्षाघात झालेल्यांची आठवण कोणी उपचाराशी जोडत नाही. काहीही न करणे हाही एक निर्णयच आहे आणि तुमच्या वडिलांच्या आजच्या स्थितीत तोच कदाचित सर्वांत जोखमीचा आहे. शिवाय पहिला महिना नीट पार पडला की दोन्ही उपचार टिकाऊ ठरतात. त्यानंतर त्याच बाजूच्या पक्षाघाताचे प्रमाण दोन्ही उपचारांनंतर वर्षाला एक टक्क्याहूनही कमी आढळले आहे. आईंना ही बाजूही शांतपणे सांगा.

ज्या वाचकांना कोणतेही लक्षण नाही, केवळ तपासणीत अडथळा दिसला आहे, त्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. त्यांच्यासाठी घाई नसते आणि औषधांचा पर्याय खरोखर बलवान असतो: कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन, रक्तदाबावर ताबा, मधुमेहावर ताबा, अ‍ॅस्पिरिन आणि तंबाखू पूर्ण बंद. २०२१ मधील ‘एसीएसटी-२’ या चाचणीत अशा ३,६२५ रुग्णांत अपंगत्व आणणारा पक्षाघात किंवा मृत्यू यांचे प्रमाण उपचाराच्या काळात स्टेंट आणि शस्त्रक्रिया या दोन्ही गटांत सुमारे एक टक्काच होते. सौम्य पक्षाघात मात्र स्टेंटनंतर थोडे अधिक होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रेस्ट-२’मध्ये कसून दिलेल्या औषधांशी स्टेंटची आणि शस्त्रक्रियेची वेगवेगळी तुलना झाली, तेव्हा चार वर्षांत केवळ औषधांवर असलेल्यांत ६ टक्के आणि औषधांसोबत स्टेंट बसवलेल्यांत २.८ टक्के जणांना चाचणीने मोजलेला पक्षाघात किंवा मृत्यू आला, तर शस्त्रक्रियेच्या तुलनेत दिसलेला फरक निर्णायक ठरला नाही. पण त्या चाचणीतल्या डॉक्टरांची निवड त्यांचे पूर्वीचे निकाल तपासून केलेली होती, हे विसरून चालणार नाही. आणि सहा विरुद्ध सुमारे तीन याचा अर्थ असाही होतो की, शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांच्या वाट्याला केवळ औषधांवरही त्या चार वर्षांत यांपैकी काही आले नाही.

यावरून हात कोणाचा, या मुद्द्याकडे येतो. युरोपातल्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात, वर्षाला मोजकेच स्टेंट बसवणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांत ३० दिवसांतील पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण १०.१ टक्के आणि अधिक सराव असलेल्यांच्या रुग्णांत ५.१ टक्के होते. उपचार तोच असूनही हाताबरोबर धोका दुप्पट झाला. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे पण थेट विचारा: आपण वर्षाला असे किती उपचार करता, आपल्या रुग्णांपैकी महिन्याभरात किती जणांना पक्षाघात झाला किंवा मृत्यू आला, आणि उपचारानंतर रुग्णाला न्यूरोलॉजिस्ट तपासतात का? लक्षणे दिसलेल्या रुग्णांत हे प्रमाण सहा टक्क्यांच्या आत आणि लक्षणे नसलेल्यांत तीन टक्क्यांच्या आत असावे, हा सर्वमान्य दंडक आहे. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावला जात नाही. ज्यांना स्वतःचे आकडे सांगता येत नाहीत त्यांच्याकडे हा उपचार करून घेऊ नये, असे मला वाटते. सी. टी. अँजिओग्राफीत (धमन्यांच्या सी. टी. स्कॅनमध्ये) महाधमनीची कमान आणि अडथळ्यातले कॅल्शियम कसे दिसते, हेही विचारा. शक्य असेल तर न्यूरोलॉजिस्ट, व्हॅस्क्युलर सर्जन (रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक) आणि स्टेंट बसवणारे तज्ज्ञ यांनी एकत्र बसून मत द्यावे, असा आग्रह धरा. केवळ एकच उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला दोन उपचारांतली निवड विचारणे योग्य नाही.

‘छोटीशी प्रक्रिया आहे’ हे वाक्य मात्र मागे घ्या. ज्या उपचाराने वाचा जाऊ शकते, त्याची कल्पना ज्याची वाचा आहे त्याला नसणे मला अजिबात पटत नाही. तुमचे वडील शुद्धीत आहेत, समजूतदार आहेत आणि तो पेला त्यांच्याच हातातून पडला होता. त्या दहा मिनिटांत काय वाटले हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. बहुतेक वृद्धांना मरणाइतकीच परावलंबी होण्याची भीती वाटते, आणि हृदयाचा धोका पत्करायचा की मेंदूचा, हा प्रश्न अखेर त्यांचा आहे. भावाने आणि तुम्ही सोबत बसावे, शंभर माणसांचे उदाहरण देऊन आकडे सांगावेत, आणि त्यांना प्रश्न विचारू द्यावेत. संमतिपत्रावर सही घेण्याच्या वेळी त्यांना प्रथमच ‘पक्षाघात’ हा शब्द ऐकावा लागू नये.

सगळ्या चर्चेअंती स्टेंटचेच ठरले, तर पुढची तयारी अशी असावी. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांची जोडी उपचाराआधी सुरू करतात आणि नंतर किमान चार आठवडे चालू ठेवतात; दात काढायचा आहे किंवा ओरखड्यातून रक्त आले म्हणून कोणीही त्या परस्पर बंद करू नयेत, कारण नव्या जाळीत गुठळी होण्याचा धोका याच काळात असतो. मधुमेहामुळे मूत्रपिंडांवर परिणाम झाला आहे का, हे आधीच पाहून घ्या, कारण धमन्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून टोचल्या जाणाऱ्या द्रवाचा ताण त्यांच्यावर येतो. मेटफॉर्मिनसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर तिचे काय करायचे हेही विचारा. फुगा फुगवताना मानेतल्या, रक्तदाबाची जाणीव ठेवणाऱ्या नसा ताणल्या जातात आणि नाडी एकदम मंदावू शकते, रक्तदाब उतरू शकतो. कधी तो एक-दोन दिवस कमीच राहतो, म्हणून निदान पहिली रात्र देखरेखीखाली काढणे गरजेचे असते. याच्या उलट, दीर्घकाळ कमी दाबाला सरावलेल्या मेंदूत अचानक जोरात रक्त गेल्याने क्वचित सूज किंवा रक्तस्राव होतो. तो पहिल्या काही दिवसांतच नव्हे, तर घरी आल्यावरही होऊ शकतो, म्हणून घरी सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजून लिहून ठेवा आणि वरची मर्यादा किती धरायची ते रुग्णालय सोडण्यापूर्वी डॉक्टरांकडून आकड्यांत लिहून घ्या. स्टेंट बसवलेल्या बाजूचे तीव्र डोके दुखणे, झटका येणे, जांघेत वाढती सूज किंवा कंबरेत अचानक कळ येणे, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे, आणि पुन्हा हात, चेहरा किंवा वाचा यांत काहीही वेगळे जाणवणे, यांपैकी काही दिसले तर ते आपोआप बरे होते का याची वाट न पाहता, चोवीस तास पक्षाघातावर उपचार होणाऱ्या रुग्णालयात त्याच क्षणी न्यावे. असे रुग्णालय कोणते आणि रात्री तेथे कसे पोचायचे, हे आजच ठरवून ठेवा. शस्त्रक्रिया ठरो वा स्टेंट, उपचाराच्या दिवसापर्यंतही ही माहिती तुम्हाला लागू शकते.